थांबवलेलं उड्डाण

दुबईतल्या आमच्या बांधकामाच्या साइटवर माणसांना वर नेणारा पाळणा तो चालवायचा. रत्नागिरीकडचा, कमी बोलणारा, बोलण्याआधी घसा खाकरणारा. एका संध्याकाळी बर दुबईतल्या कॅफेटेरियात टीव्हीवर अंतराळस्थानकाकडे निघणारं यान दाखवत होते. अंतराळवीरांना पट्ट्यांनी बांधून झालं होतं, पण एका व्हॉल्व्हची शंका आली म्हणून उड्डाण थांबवलं. आम्ही हसलो. त्याने चहाचा ग्लास आपटला.

"हसताय काय? माणसं बसलीयत आत! आपल्यासाठी कोण थांबतं रे?"

दुसऱ्या दिवशी पाळण्याचा ब्रेक घसरू लागला.

"यल्ला, चलाओ!" फोरमन ओरडला.

"आदमी लोग को लेके नहीं जाएगा," असं म्हणून त्याने चावी काढली आणि ओल्या काँक्रीटमध्ये फेकली.

त्याचा व्हिसा रद्द झाला. ब्रेक दुरुस्त होईपर्यंत आम्ही जिन्याने चढलो. त्याला विमानतळावर सोडायला मात्र आमच्यापैकी एकालाही कंपनीने सुट्टी दिली नाही.