ब्रेक अर्धाच लागत होता

“सॅम्पल शिळं असणार,” स्क्रीनकडे बघत देसाई सर म्हणाले. “असल्या रिपोर्टवर मी सही करणार नाही.”

परळच्या एका हॉस्पिटलात मी इम्युनॉलॉजी लॅब सांभाळते. देसाई सर आमचे हेड. स्क्रीनवरचा ग्राफ सायली परबचा होता. माझगावात राहणारी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. वडील गोदीत वेल्डर. तिच्या प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, सारख्या घसरत होत्या. दात घासताना हिरड्यांतून रक्त यायचं. स्टेरॉइड वाढवलं की आकडा वर, कमी केलं की परत खाली. या प्लेटलेट्स पोटातल्या प्लीहेत नष्ट होतात, म्हणून प्लीहाच काढायचं ठरलं होतं. ऑपरेशन दोन दिवसांवर आलेलं.

मला खटकली ती तिची जुनी हिस्टरी. दोनदा न्यूमोनिया. कित्येक महिने जुलाब. मानेला गाठी. प्रत्येक तक्रारीवर वेगळे डॉक्टर, वेगळं औषध. हे सगळं एकाच कारणाने होत असेल तर? तिच्या डॉक्टरांना विचारून मी एक जास्तीची टेस्ट लावली.

आपल्या शरीरात रोगाशी लढणाऱ्या पेशी एकमेकींना सतत निरोप देत असतात. कुठे जायचं, कोणावर तुटून पडायचं. तसंच ‘आता पुरे’ हेही कुणीतरी सांगावं लागतं. ते काम काही प्रथिनं करतात. त्यातलं एक सीटीएलए-४. साधा ब्रेक समजा. तो कमी पडला की या पेशी आपल्याच रक्तावर, आतड्यांवर हल्ला करतात. तपासायचं कसं? प्रथिनाला चिकटणारा चमकता रंग लावून एकेक पेशी लेसरसमोरून सोडायची. प्रथिन जास्त तेवढी चमक जास्त. सायलीच्या पेशींची चमक निम्मीच होती.

“सॅम्पल ताजं होतं, सर. मी स्वतः वॉर्डमध्ये जाऊन आणलं.”

“मग कंट्रोल गडबडला.” कंट्रोल म्हणजे तुलनेसाठी सोबत तपासलेलं निरोगी माणसाचं रक्त.

“ठीक आहे. रिपीट करते. या वेळी कंट्रोल तुम्ही. बाही वर करा.”

सर माझ्याकडे बघतच राहिले. मग हसले आणि हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही ग्राफ शेजारी शेजारी उघडले. सरांच्या पेशी झगमगत होत्या. सायलीच्या पेशींची चमक पुन्हा निम्मीच. सरांनी सर्जनना फोन लावला. “उद्याचं ऑपरेशन थांबवा. कारण सांगतो, आधी थांबवा.”

पुढे जीन टेस्टमध्ये तेच निघालं. या प्रथिनाच्या जीनच्या दोन प्रतींपैकी तिची एक बिघडलेली होती. मग आईवडिलांचं रक्त घेतलं. आईचं ठीक. वडिलांच्यात तोच दोष. त्यांनी आजारपणाची रजा कधी घेतली नव्हती.

रिपोर्ट समजावून सांगितला तेव्हा ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. “म्हणजे ह्या माझ्यापासून तिका लागला काय, मॅडम?”

“तुम्ही थोडंच मुद्दाम दिलंत, काका? आणि तुमच्यात हाच दोष असून तुम्ही ठणठणीत आहात. तिलाही तसं ठेवायचा प्रयत्न करू.”

सायली म्हणाली, “पप्पा, नाकपण तुमचंच आलंय. त्याचं कधी वाईट वाटलं का?”

परबकाका हसले. हसता हसताच डोळे पुसले.

औषध बाजारात होतंच, पण संधिवातासाठी. त्या इंजेक्शनमध्ये ह्याच प्रथिनाचा भाग असतो. म्हणजे शरीरात जो ब्रेक कमी, तोच बाहेरून द्यायचा. डॉक्टरांनी ते सुरू केलं. हळूहळू स्टेरॉइड उतरवलं तरी प्लेटलेट्स टिकल्या. जुलाब थांबले, वजन वाढलं. इंजेक्शन अजून चालू आहे. प्लीहा जागच्या जागी आहे. सायली लोअर परळला नोकरीला लागली, आणि काका दरवर्षी न कुरकुरता तपासणीला येतात.

मी औषध देत नाही, ऑपरेशन करत नाही. रिपोर्टखाली माझं नाव बारीक अक्षरांत असतं. पण या मुलीचा आजार मी ओळखला, आणि हे सांगताना मला अजिबात संकोच वाटत नाही.

लॅबमध्ये नवीन येणाऱ्यांना मी एवढंच सांगते. रिझल्ट विचित्र आला, तर टेस्ट परत लावा. परत तोच आला, तर मशिनला दोष देणं बंद करा आणि पेशंटकडे नीट बघा.