पायथनचं पहिलं पुस्तक

तीस वर्षं बातमीदारी केली. मंत्र्यांचे किस्से विसरलो. डोक्यात साठून राहिले ते आमच्या सावर्ड्याच्या वाचनालयातले. त्यातलाच हा, एका पुस्तकापायी घडलेला.

संगीताताई लोट्याच्या एका केमिकल कंपनीत, लॅबमध्ये. अचानक फर्मान निघालं: पायथन नावाची कॉम्प्युटरची भाषा शिका, दोन महिन्यांनी परीक्षा, नापास झालात तर लॅब सोडून पॅकिंगला! बारावीनंतर वीस वर्षांनी ताई वाचनालयात आल्या. "गुरुजी, अगदी पहिलीचं पुस्तक द्या!"

आमचे ग्रंथपाल कांबळे गुरुजी, निवृत्त शिक्षक. म्हणाले, "जन्मभर पहिलीच शिकवली गो, पण ही पहिली माझीच व्हायची राहिलीय!"

*

गुरुजी आणि मी रत्नागिरीला दुकानात गेलो. एका पुस्तकावर छापलेलं 'नवशिक्यांसाठी', आणि तिसऱ्याच पानावर 'आपल्याला माहीत आहेच'! माझं टाळकं सरकलं. "माहीत असतं तर तुमच्याकडे आलो कशाला असतो?"

दुकानदार शांतपणे म्हणाला, "हे सगळेच विचारतात साहेब. पण घरी नेल्यावर!"

नापसंत ती परत, या बोलीवर तीन पुस्तकं उचलली.

*

ताईंच्या लॅबमध्ये प्रयोगाची नवी कृती लिहिली की ती तपासायला नवख्या माणसाकडून करून घेतात. लिहिलंय तेवढंच करायचं, मनाचं काही नाही. ताईंनी वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर पुस्तकं तशीच तपासली. पहिलं बाराव्या पानावर अडलं. गुरुजी मदतीला सरसावले.

"हात मागे, गुरुजी! तुम्ही काय पुस्तकाबरोबर घरी येणार?"

*

दुसरं माझ्या पसंतीचं, आठशे पानी. दहा मिनिटांत बाजूला!

"दादा, ह्या माणसाला सगळं येतं. पण मला काय येत नाय, ते त्याला ठाऊक नाय."

इतकं नेमकं परीक्षण मला तीस वर्षांत लिहिता आलं नाही!

*

तिसरं पातळ. पानोपानी सूचना: 'आता एक ओळ मुद्दाम चुकवा, काय होतं ते बघा.' ताई खूश. "नापास व्हायची प्रॅक्टिसपण हाय ह्याच्यात!"

कंपनीच्या बसमध्ये त्या ते मोठ्याने वाचत; पॅकिंगच्या बायका कान देऊन ऐकत. एकदा लोटे आलं, तरी ड्रायव्हर दार उघडेना. "उतराल नंतर. ती लूप गोल गोल फिरत राहते, ती थांबते कशी, ते आधी सांगा!"

*

परीक्षा घ्यायला एक तरुण इंजिनिअर साहेब होते. ताईंच्या प्रोग्रामने लॅबची आठवड्याची रीडिंग्ज तर मांडलीच, वर त्यातलं एक चुकीचं आहे, हेही पकडून दिलं. साहेब खुर्ची ओढून जवळ बसले.

"ताई, पुस्तक कुठलं वाचलंत? मलाही हवंय."

"आमच्या वाचनालयात हाय. पण लगेच नाय मिळायचं."

"का?"

"तुमच्या आधी नऊ नंबर हायत. सगळ्या पॅकिंगच्या."