भाऊ विमानात तीनदा मेले

“आता बघ, हा जाणार,” असं म्हणून भाऊ मला कोपर मारायचे. पुढच्याच मिनिटाला त्यांच्या मोबाईलवर तो माणूस खरोखर मरून पडायचा.

पेणहून धाटावला जाणाऱ्या आमच्या कंपनीच्या बसमध्ये ते माझ्या शेजारी बसत. गाव गागोद्याकडचं, घरी भाताची आणि वालाची शेती. स्वभाव असा, की साधी पाल मारायची वेळ आली तरी दुसऱ्याला हाक मारतील. पण बघायचे मात्र फक्त खुनाच्या मालिका. रक्त जितकं जास्त, तितके भाऊ खूश. बसमध्ये सगळी मोठी माणसं, त्यामुळे कोणाची हरकत नव्हती.

नव्या मशीनच्या ट्रेनिंगसाठी कंपनीने आम्हा दोघांना हैदराबादला पाठवलं. विमानात खिडकीशी पाच-सहा वर्षांची एक मुलगी, मध्ये भाऊ, कडेला मी. मुलीची आई वाटेच्या पलीकडे, मांडीवर तान्हं बाळ घेऊन. विमान वर गेलं तसे भाऊंनी इअरफोन घातले आणि मोबाईलमध्ये भरून आणलेली मालिका लावली.

थोड्या वेळाने माझं लक्ष गेलं. मुलगी खिडकीबाहेर बघतच नव्हती. तिची नजर भाऊंच्या मोबाईलवर खिळली होती आणि मुठी घट्ट वळलेल्या होत्या. मी भाऊंचा हात दाबला. त्यांनी मोबाईल बंद केला, पण उशीर झाला होता.

“त्या काकांचा गळा कापला,” ती म्हणाली आणि रडायला लागली.

काय झालं ते आईला कळलं, तशी ती भडकली. “शेजारी लहान मूल बसलंय, एवढं दिसत नाही तुम्हाला?”

मला वाटलं, भाऊ म्हणतील, मी माझ्या मोबाईलवर बघत होतो. ते म्हणाले, “चुकलं, ताई. माझं ध्यानच नाय गेलं.”

मुलीचं रडणं काही थांबेना. भाऊ तिला समजावू लागले, “बाळा, ते खोटं असतं. लाल रंग असतो तो.”

“मग ते काका उठले का?”

आली का पंचाईत! मालिकेत तो माणूस काही उठणार नव्हता. भाऊंनी जरा विचार केला. “हे बघ,” म्हणाले, गळ्यावरून बोट फिरवलं, मान टाकली, जीभ बाहेर काढली आणि मेले. मग हळूच एक डोळा उघडला. “उठलो का नाय? तो पण असाच उठला आणि चहा प्यायला गेला.”

ती हुंदके देत म्हणाली, “परत मरा.”

भाऊ परत मेले. तिसऱ्यांदा मेले तेव्हा हवाई सुंदरी धावत आली, साहेबांना काय होतंय म्हणून विचारू लागली. मुलीनेच उत्तर दिलं, “ते खोटे खोटे मेलेत.” तेव्हा कुठे तिची आई हसली.

परतीच्या विमानात भाऊंनी मोबाईल काढलाच नाही. “इथे कुठे पोरं आहेत?” मी म्हटलं.

“मागं हाय एक. सीटांच्या फटीतून दिसतं त्याला.”

रिटायर झाल्यावर ते बायकोला घेऊन बंगळुरूला लेकीकडे राहायला गेले. निघाले त्या दिवशी मी पेणच्या स्टँडवर गेलो होतो. वहिनींचा पहिलाच विमानप्रवास. पनवेलची गाडी लागली. तशा त्या हळूच म्हणाल्या, “अहो, विमानाची खिडकी उघडते काय? मला मळमळतं.”

“नाय गो उघडत,” भाऊ म्हणाले. “पण मी हाय ना शेजारी.”

गाडी सुटली. वहिनींनी हात हलवला. भाऊंचे दोन्ही हात वालाच्या पिशवीत अडकले होते. त्यांनी नुसती मान हलवली.