डेकवरची बुजगावणी

शेतात राबायचं नाही म्हणून मी पेडण्याहून थेट बोटीवर गेलो. आमच्या वायंगणात, म्हणजे रब्बीच्या भातशेतात, वडील बुजगावण्याला माझे जुने शर्ट चढवायचे आणि शाळेतली पोरं त्याला माझ्या नावाने हाका मारायची. तो राग माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

चाच्यांच्या पट्ट्यात शिरण्याआधी कॅप्टनने कंपनीचा हुकूम वाचून दाखवला. बंदूकधारी पहारेकरी कंपनीला झेपत नव्हते, तेव्हा डेकवर सहा खोटे पहारेकरी उभे करायचे. शेतकऱ्याच्या घरचं कोण आहे, असं त्याने विचारलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. झालं, सात समुद्र ओलांडून मी पुन्हा वायंगणातच.

जुन्या बॉयलर सूटमध्ये चिंध्या कोंबून, झाडूचे दांडे बांधून मी सहाजण तयार केले. काम झकास झालं, उगाच विनय कशाला? कंपनीने गोळी अडवणारी हेल्मेटं पाठवली होती, तीही नेमकी सहा. ती बुजगावण्यांना गेली. लांबून शोभा दिसली पाहिजे ना.

तिसऱ्या दिवशी दुपारी एक होडी आमच्या मागे लागली. बाकीची मंडळी खालच्या मजबूत दाराच्या खोलीत जाऊन बसली. होडी जवळ येईना आणि परतही फिरेना. आपले पहारेकरी अर्धा तास जागचे हललेले नाहीत, हे कॅप्टनच्या ध्यानात आलं. "जा, त्यांना हलव," तो मला म्हणाला.

मी रांगत गेलो, एका बुजगावण्याच्या पायाशी आडवा पडलो आणि दांड्याने त्याचा हात हलवत राहिलो. मरणाची भीती वाटत होती. बऱ्याच वेळाने होडीतल्या एकाने उलट हात हलवला आणि होडी वळली. ते चाचे होते की मासेमारी करणारे, मला आजही ठाऊक नाही.

कंपनीने स्वतःच्या दूरदृष्टीचं कौतुक करणारं पत्र सगळ्यांना पाठवलं. सोबत कॅप्टनने त्या दुपारी वरून काढलेला फोटो होता: बुजगावणं आणि त्याच्या पायाशी आडवा मी. सुट्टीवर आल्यावर मी तो वडिलांना मोठ्या ऐटीत दाखवला. आता शर्टांवरून चेष्टा होणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी फोटोवर बोट ठेवलं. "हेल्मेट तेका. आनी तुज्या डोक्यार काय होतां?"

टॉवेल, मी म्हटलं.

त्या वर्षी वायंगणात बुजगावणं उभं राहिलं, पण त्याच्या अंगात शर्ट वडिलांचा स्वतःचा होता.