सुंठीचे बैल

खलबत्त्यात सुंठ कुटायला घेतली की मला आमच्या घरचा एक बेंदूर आठवतो. कडेगावजवळच्या आमच्या गावी तेव्हा चुलते सुट्टीवर आले होते. ते मिलिटरीत आचारी, त्यामुळे त्यांनी गूळ-सुंठीची बिस्किटं करायचा घाट घातला. पातेल्यात वाळू तापवली, झाकणावर निखारे ठेवले, झाली भट्टी. साहेबांच्या घरी म्हणे या बिस्किटांची माणसं करतात. "माणसं कशापायी? बेंदूर हाय, बैलं करू की," मी म्हटलं. मग आम्ही बारा बैल कापले, भाजल्यावर त्यांना पिठीसाखरेच्या झुली घातल्या, डोळ्यांना मोहरी लावली. अख्खं घर घमघमलं. आता खायचे, एवढ्यात आईनं ते पाटावर मांडून हळदीकुंकू वाहिलं आणि ओवाळायलाही लागली. मध्येच थांबून म्हणाली, "ह्या एकाला शिंग न्हाई गं?" मी नुसती मान हलवली. चुलत्यांनी कपाळाला हात लावला. "आवं वहिनी, खायाचा जिन्नस हाय त्यो!" "पुजल्याला बैल खाता व्हय, भावजी?" शेवटी ताट गोठ्यात गेलं आणि आमच्या खिलारी जोडीनं पुरणपोळीबरोबर सगळा कळप मिटक्या मारत संपवला. याला पन्नास वर्षं झाली. त्या बिस्किटांची चव कशी होती, हे घरात फक्त मलाच ठाऊक आहे. आई विचारत होती, तेव्हा ते शिंग माझ्या गालातच होतं.