तोफखान्यांचा मूळ पुरुष

बाळीवेशीत शेंगाचटणीचं दुकान चालवणारे सिद्धप्पा तोफखाने हे संशयावर जगणारे गृहस्थ. शेंगदाण्याच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय ते सौदा करत नसत. वरचे दाणे सगळेच चांगले ठेवतात, असं त्यांचं म्हणणं. देवळातला प्रसादसुद्धा आधी हुंगून मगच तोंडात टाकत.

अशा माणसाला लेकीनं, राजेश्वरीनं, चहा पिता पिता सांगितलं, "अप्पा, आपल्या आडनावातली तोफ तुर्की आहे. कॉलेजात सर म्हणाले. आणि खाना फारसी."

"मग आपलं काय उरलं?"

"शेवटचा एकार."

सिद्धप्पा हसले नाहीत. अक्कलकोटचे बसप्पा सोमवारी साखरपुड्याचं ठरवायला येणार होते. मुलगा राजेश्वरीला पसंत होता. पण बसप्पा म्हणजे सोयरीक करताना सात पिढ्या विचारणारा माणूस. सिद्धप्पांनी आरशात पाहिलं. नाक जरा लांबच वाटलं. घारे डोळे आईकडून आले, असं आजवर धरून चालले होते. भिंतीवरच्या फोटोतल्या आजोबांच्या मिशाही आता भरवशाच्या वाटेनात.

सोमवारी पाहुण्यांच्या हातात चुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या बश्या गेल्या आणि नेमकी दारात घंटा वाजली. हेळवी आला होता. घराण्याच्या पिढ्या पाठ ठेवणारा हा माणूस चार-पाच वर्षांनी फिरकतो, दारात उभा राहून मूळ पुरुषापासून सगळी नावं गल्लीला ऐकू जातील अशी म्हणतो आणि ज्वारी-कपडालत्ता घेऊन जातो. त्याचा बाप बैलावरून यायचा. हा मोटारसायकलवरून येई. बैलाची घंटा त्यानं हँडलला बांधली होती.

सिद्धप्पा लगबगीनं दारात गेले. यानं मूळ पुरुष तुर्क म्हणून पुकारला तर?

"आज नको. नंतर ये."

हेळव्यानं गाडी वळवली. बसप्पांनी बशी खाली ठेवली. हेळव्याला तोंड उघडू न देणाऱ्या घराबद्दल त्या मुलखात एकच समज आहे: कुळात काहीतरी खोट आहे.

"निघतो आमी," बसप्पा म्हणाले. "कळवतो की."

राजेश्वरी बश्या उचलू लागली. गिरिजाबाईंनी नवऱ्याला आत ओढलं. "अहो, काय केलंत हे?"

"तो भलतंच काही बोलला असता तर?"

"आता तो न बोलताच अक्कलकोटभर होईल!"

सिद्धप्पा अनवाणीच धावले. कोपऱ्यावर हेळव्याच्या गाडीचं हँडल धरून त्याला परत आणलं, तेव्हा पाहुणे जीपमध्ये चढत होते.

"म्हण. मोठ्यानं म्हण. काय असंल ते असू दे."

बापाचा बाप, त्याचा बाप करत हेळवी पार वर गेला. मूळ पुरुष इरप्पा, भुईकोट किल्ल्यातल्या तोफा ओढायला बैल पुरवायचा.

"तुर्क नव्हता ना?" सिद्धप्पांनी हळूच विचारलं.

"तोफा तुर्कांच्या असतील की, अप्पा. त्यांचं शेण काढायला तुर्क कशाला येतोय?"

"तोफांचं शेण?"

"बैलांचं हो!"

बसप्पा हसत जीपमधून उतरले. साखरपुडा तिथंच ठरला; राजेश्वरीनं नवीन चहा टाकला.

पाहुणे गेल्यावर सिद्धप्पा उंबऱ्यात उभे राहून पायातला काटा काढत होते.

"बरं झालं बाई," गिरिजाबाई म्हणाल्या.

"बरं कसलं? इतक्या लगेच हो म्हणाले," सिद्धप्पा म्हणाले. "त्यांचा हेळवी कोण आहे, ते बघायला पाहिजे."