निशिकांतने निवडलेला शांत किनारा

सुनेत्राचा नवरा निशिकांत एका बँकेत प्रोजेक्ट मॅनेजर होता आणि घरीही तोच हुद्दा चालवायचा. दूध कुठलं आणायचं यावरसुद्धा त्याच्याकडे दोन-चार पर्याय आणि एक ठाम शिफारस तयार असे. त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीत समुद्रकिनारी कुठे जायचं, हा प्रश्न सिंगापूरमधल्या चोआ चू कांगच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये ऑगस्टपासूनच गाजू लागला यात नवल नव्हतं.

सुनेत्रा पाया लेबारला एका ऑडिट फर्ममध्ये होती. दिवसभर परक्यांच्या चुका सभ्य भाषेत लिहून काढायच्या, संध्याकाळी एमआरटीच्या मेट्रोत उभ्याने अर्धं बेट ओलांडायचं आणि घरच्यांच्या चुकांकडे काणाडोळा करत पोळ्या लाटायच्या, असं तिचं आयुष्य. सुट्टीकडून तिची मागणी फार नव्हती. बसायला खुर्ची, समोर पाणी आणि तासभर कुणी 'माझा चार्जर कुठंय' असं विचारू नये, बस्स.

निशिकांतची 'शांत' या शब्दाची व्याख्या मात्र वेगळी होती. शांत म्हणजे जिथे मराठी माणूस भेटणार नाही अशी जागा. आदल्या वर्षी थायलंडमध्ये क्राबीला हॉटेलच्या नाश्त्याला ओळखीची इतकी कुटुंबं निघाली, की शेवटी तिथेच भोंडल्याच्या आठवणी निघाल्या आणि मागच्या टेबलावरून कुणीतरी मेतकुटाची बाटली पुढे केली. निशिकांतला ती मानहानी वाटली. एवढा खर्च करून परदेशातून परदेशात जायचं आणि तिथे मेतकूट खायचं?

नोव्हेंबरातल्या एका रविवारी त्याने हॉलमधल्या टीव्हीवर रीतसर प्रेझेंटेशन लावलं. फुकेत बाद, कारण गर्दी. बाली बाद, कारण ऑफिसातले सगळे बालीला जाऊन आले होते. घराजवळच्याच सेंटोसाचं नाव निघताच तो नुसता हसला. किनाऱ्यावर बसून मालवाहू जहाजांची रांग बघायची तर सुट्टी कशाला काढायची? आणि मग एक फोटो आला. मलेशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक छोटं रिसॉर्ट, पांढरी वाळू, माडाला बांधलेली झोळी. झोळीत कुणीही नाही.

"ऐन सुट्टीत रिकामं कसं मिळतंय?" सुनेत्राने विचारलं. सवयीने विचारलं, मनात शंका होतीच असं नाही.

"लोकांना माहीतच नाही गं. हीच तर गंमत आहे. आणि हे बघ, लोकांनी लिहिलंय, जुलैमध्ये फार गर्दी होती. म्हणून आपण डिसेंबरात जायचं."

"फॅमिलीसाठी बरं आहे ना?" पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाईंनी, शुभदाबाईंनी, विचारलं. त्यांना समुद्र दिसायला हवा होता, पण वारा लागता कामा नये, अशी त्यांची साधी अट होती.

"आई, तिथे फॅमिलीशिवाय दुसरं काही नाहीच."

हे मात्र त्याचं अगदी खरं निघालं. तिथे त्यांच्या फॅमिलीशिवाय दुसरं काही म्हणजे काहीच नव्हतं.

बारा वर्षांची झालेली त्यांची मुलगी ऋता तेवढी मोबाइलवर काहीतरी वाचून सिंगापुरी ढंगात म्हणाली, "पप्पा, मॉन्सून सीझन लाह." निशिकांतने तिला समजावलं, की मॉन्सून जूनमध्ये येतो, शाळेत लक्ष दे. तो पुण्यात शिकला होता; पुण्याचा पाऊस जूनमध्ये येतो, तर चीनच्या समुद्रावरच्या पावसाची काय बिशाद डिसेंबरात यायची!

भाड्याची व्हॅन करून ते निघाले. सीमेवर पासपोर्टच्या रांगेत अर्धा दिवस गेला. पुढे पाऊस लागला, आणि तो पाऊस म्हणजे कुणीतरी वरून पिंप उपडं केल्यासारखा. रिसॉर्टवर पोचले तेव्हा दाराशी रेनकोट घातलेला मॅनेजर उभा होता. त्यांना बघून त्याच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा आश्चर्य जास्त होतं.

"यू रिअली केम," तो म्हणाला.

समुद्र होता, नाही असं नाही. तो नारळाच्या बागेपर्यंत आला होता. वाळूवर लाल बावटे आणि दोरखंड लावलेले. झोळी काढून ठेवलेली. स्वयंपाकी गावी गेला होता, म्हणून मॅनेजरनेच दोन्ही वेळा मॅगी परतून दिली. शुभदाबाईंना खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसत होता आणि खिडकीच्या फटीतून वाराही पुरेसा लागत होता. त्या शाल गुंडाळून म्हणाल्या, "निशी, शांत आहे हो. आपल्याशिवाय चिटपाखरू नाही."

"ऑफ-सीझनची एक वेगळीच मजा असते," निशिकांत म्हणाला. तेवढ्यात वीज गेली.

सकाळी मॅनेजरने रस्त्यावर पाणी चढत असल्याचं सांगितलं; आत्ता निघालात तर जाल, नाहीतर माझ्यासोबत राहाल. त्याच्या आवाजात दुसऱ्या पर्यायाबद्दल फारसा उत्साह नव्हता. निशिकांतने पहिल्यांदाच शिफारस केली नाही. सुनेत्राने बॅगा उचलल्या आणि सगळे निघाले.

आता खरी पंचाईत पुढेच होती. चोआ चू कांगच्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर निशिकांतने 'ज्यांना गर्दी हवी त्यांनी फुकेत, आम्ही जरा वेगळे' असं टाकून ठेवलं होतं. आठवड्याची सुट्टी आणि दुसऱ्याच दिवशी घरी? त्याने फर्मान काढलं. पडदे बंद. खालच्या मार्केटात जायचं नाही. लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर फोनवर बोलल्यासारखं करायचं. सुनेत्राने ते एक दिवस पाळलं. दुसऱ्या दिवशी घरातली कोथिंबीर संपली, तिचा संयमही संपला.

"मी उद्या पलीकडच्या बेटावर, पुलाउ उबीनला चालले आहे," ती म्हणाली. "ज्याला लपायचं असेल त्याने लपावं."

लपायला एकटा कोण राहणार? सगळेच चांगी पॉइंटच्या धक्क्यावर गेले, बमबोटीत, म्हणजे तिथल्या छोट्या लाकडी होडीत बसले, आणि उबीनच्या धक्क्यावर उतरतात तो समोर प्रबोध आणि सविता. प्रबोध निशिकांतच्याच बँकेत होता. तो मालदीवला गेल्याचं ऑफिसातल्या सगळ्या मजल्याला माहीत होतं. त्याच्या गळ्यात पाण्याखाली घालायचा नवाकोरा चष्मा लटकत होता, आणि उबीनच्या लाल मातीत तो फार शोभत नव्हता.

"अरे! तू मालदीवला ना?" निशिकांत म्हणाला.

"उद्या... म्हणजे निघतोच आहोत. तू मलेशियाला ना?"

"हो हो, आहोत ना. मध्येच आलो जरा. कामासाठी."

दोन शिकलेले, मोठ्या पगाराचे पुरुष बंदरावर उभे राहून एकमेकांच्या बुटांकडे बघत होते.

"आमचं रिसॉर्ट पाण्यात गेलं," सुनेत्रा म्हणाली. "तुमचं काय झालं?"

सविताने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि तिला हसू आवरेना. "आम्ही तिकिटंच काढली नाहीत गं. हा म्हणे, थांब, भाव उतरतील. शेवटी विमानंच उरली नाहीत!"

पुरुषांनी ऋताला घेऊन भाड्याच्या सायकली काढल्या. एकमेकांना तोंड दाखवण्यापेक्षा चढ चढणं सोपं होतं. शुभदाबाई एका जुन्या कांपोंगघराच्या, म्हणजे खेड्यातल्या लाकडी घराच्या ओसरीवर शहाळं घेऊन बसल्या. तिथल्या मलायी आजीशी त्या मराठीत बोलत होत्या, आजी मलायीत उत्तर देत होती, आणि दोघींना सुनांच्या बाबतीत एकमेकींचं पटत असावं, अशा माना हलत होत्या.

सुनेत्रा आणि सविता पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत चालत गेल्या. खुर्च्या नव्हत्या, खडकावर बसल्या. ओहोटी होती. एक रानडुक्कर पिल्लांसकट आलं, त्यांच्याकडे तुच्छतेने पाहून निघून गेलं. दोघी काही बोलल्या नाहीत. सुनेत्राला वाटलं, कितीतरी वर्षांत आपल्याला कुणी असं गप्प राहू दिलं नव्हतं. डोळ्यांत पाणी का आलं ते तिला कळेना, म्हणून तिने ते खाऱ्या वाऱ्याच्या नावावर घातलं.

जानेवारीत निशिकांतच्या ऑफिसातलं एक जोडपं जेवायला आलं. आमटी वाढता वाढता सुनेत्राच्या कानावर आलं, "शांत म्हणजे काय शांत! स्टाफ जातीने लक्ष देतो. समुद्र अगदी दारात." पाहुणे भारावले. निशिकांतने तिथल्या तिथे त्यांना रिसॉर्टची लिंक पाठवली.

सुनेत्राने आमटीचं पातेलं ठेवलं आणि पाहुण्याच्या बायकोला म्हणाली, "जुलैत जा."

पाहुणे गेल्यावर निशिकांत फुरंगटून म्हणाला, "माझं सांगून झालं होतं ना सगळं? आणि पुढच्या डिसेंबरचं काय? मी दोन-तीन जागा बघून ठेवल्यात."

"बघ की. मी सविताबरोबर चाललेय."

"कुठे?"

"ते अजून ठरलं नाही."

"अगं, पण आधी तौलनिक अभ्यास..." त्याने लॅपटॉप उघडलाच. सुनेत्रा ताटं घासत होती. नळ जरा जोरात सोडला, की त्याचं बोलणं छान ऐकू येईनासं होतं, हे तिला फार पूर्वीच कळलं होतं.